खिळ्यावरचा एप्रन

आल्बेर्ना,
सोमवार, १९ जानेवारी

चि. रामिरो यास ओब्दुलियाआत्याचा आशीर्वाद. या खेपेला एकच पाठवते आहे. बाकीचे तुझं उत्तर आल्यावर.

काल, रविवार, अठरा जानेवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, चर्चमागच्या आमच्या पटांगणात सेव्हेरिनाने गोळा फेकायला हात मागे नेला, आणि तू तिच्या पायाशी नारिंगी रंगाची रेघ मारलीस. सेव्हेरिना एक्याण्णव वर्षांची आहे. नवरा गेला त्या आठवड्यातही तिचा नेम चुकला नव्हता, तो काल चुकला. वर तू तिलाच म्हणालास की आजी, चालू द्या तुमचं, मला दोनच मिनिटं लागतील. मग आमच्या खेळाचे सहाही लाकडी खुंट उचलून गाडीच्या डिकीत टाकलेस. का, तर म्हणे सुरक्षित राहावेत. रामिरो, ते खुंट तुझ्या पणजीच्या आधीपासून सुरक्षित आहेत. युद्धाच्या हिवाळ्यात या गावाने खुर्च्या जाळल्या, दारं जाळली. खुंटांना कोणी हात लावला नाही. ते पहिल्यांदा धोक्यात आले ते तुझ्या डिकीत.

तुझ्याशी बोलायचं नाही असं मी कालच सेव्हेरिनासमोर ठरवलं, म्हणून लिहिते आहे. माझ्या दारापासून तुझ्या कार्यालयापर्यंत तीन गल्ल्या. तरी हे पत्र मी रजिस्टर्ड, पोचपावतीसह पाठवते आहे. ते टपालाच्या पिवळ्या गाडीतून खाली वेस्का शहरात जाईल, शिक्का घेईल आणि डोंगर चढून परत येईल. जन्मभर या गावची पोस्टमास्तरीण होते, मला ते परवडतं. शिवाय आपल्या घराण्यातलं कोणीतरी निवांत हिंडून आलं पाहिजे, मग ते पत्र का असेना.

तू सारागोसाला शिकलास, तिथेच नोकरी केलीस आणि परत येऊन मेयर झालास. मधल्या काळात विसरला असशील म्हणून सांगते. खुंट सहा, फेका तीन. पाच पाडायचे आणि एक उभा ठेवायचा. सगळे पाडले की डाव गेला. बाहेरच्या पुरुषांना हे कधी कळलेलं नाही. ते टाळ्या वाजवतात, म्हणतात, वा बाई, सगळे आडवे केलेत! आम्ही म्हणतो, हो ना, म्हणून तर हरलो.

आणि पश्चिमेच्या भिंतीतले खिळे. ज्या भिंतीवर तू काल फुली मारलीस, तीच ती. तुझ्याबरोबरच्या त्या टोपीवाल्याला विचारलं, तर म्हणाला फुली म्हणजे पाडायची. त्या भिंतीत घरटी एक खिळा आहे. आल्यावर एप्रन सोडून खिळ्यावर टांगायचा आणि खेळायला लागायचं. एप्रन खिळ्यावर असेपर्यंत त्या बाईला कोणी हाक मारायची नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, पाद्रीबाबांनी तर नाहीच. तुझी आई पहाटेच्या गाईंपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत बसलेली मी पाहिली नाही. जेवायचीदेखील चुलीपाशी उभ्याने. रविवारचा हा एक तास तिचा. तू सहा वर्षांचा असताना गुडघा फोडून घेऊन भिंतीपाशी आलास आणि भोकाड पसरलंस. तुझ्या बापाने तुला उचलून घरी नेलं, कारण आईचा एप्रन खिळ्यावर होता. तू काही मेला नाहीस. चांगला मेयर झालास.

तेव्हा खुंट परत कर, फुली पूस, आणि सेव्हेरिनाची माफी माग. लोभ आहे, पण त्याला सध्या रेघ मारून ठेवली आहे. नारिंगी नाही, साध्या पेन्सिलीने.

तुझी आत्या,
ओब्दुलिया


ग्रामकार्यालय, आल्बेर्ना,
शुक्रवार, २३ जानेवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. (पूर्ण लिहायला वेळ नाही, समजून घे.)

आपले पत्र मिळाले. आपले म्हणतो, कारण पोस्टमनने माझी बैठक थांबवून सही घेतली आणि आतले दोघे तुझं नाव वाचून हसले. आत्या, फोन करायचा होतास. तीन गल्ल्यांसाठी रजिस्टर्ड!

आता मुद्द्यावर येतो. वर स्की करायला जाणाऱ्या गाड्या आपल्या गावावरून सरळ निघून जातात. त्या इथे थांबल्या तर पावाचं दुकान टिकेल; नाही तर येत्या हिवाळ्यात ते बंद होणार, हे तुलाही माहीत आहे. गाड्या थांबवायच्या तर त्यांना उभं राहायला आणि बॅटरी भरायला जागा हवी. गावात सपाट जागा एकच. मी काही तुमच्या जिवावर उठलेलो नाही. अनुदान आलं आहे आणि ते ईस्टरच्या आत वापरायचं आहे. काम गुरुवारी, पाच फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता सुरू होईल. बाल्बिनो त्याचा जेसीबी घेऊन येईल.

तुमची सोयही केली आहे. दर मंगळवारी अकरा ते पावणेबारा, जुन्या शाळेच्या खोलीत 'सक्रिय ज्येष्ठत्व' वर्ग. शहरातून प्रशिक्षक येईल. खुंट प्लास्टिकचे, म्हणजे पायावर पडले तरी लागायची भीती नाही. प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा मिळेल, त्यात नाडीचे ठोके दिसतील. शेवटी खेळाचा उद्देश आरोग्य हाच ना? तो तिथे जास्त चांगला साधेल. नावं आधी नोंदवावी लागतील एवढंच.

वेळेचं म्हणशील तर आत्या, तो कोणालाच नाही. मी गेला महिनाभर गाडीत जेवतो आहे. तुझ्या भाचसुनेला, बिचाऱ्या नुरियाला, तर रविवारीही तीनला ऑफिसची मीटिंग असते. घरात नेटवर्क धरत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन थंडीत शाळेपर्यंत चालत जाते. ती कधी तक्रार करत नाही. तूही करू नकोस.

लोभ आहे तसाच ठेव, रेघ खोडून.

तुझा,
रामिरो


आल्बेर्ना,
रविवार, २५ जानेवारी

आदरणीय आत्याबाईंस नुरियाचा नमस्कार.

हे पत्र पावाच्या पिशवीत घालून पाठवते आहे. तुमच्यासारखं टपालाने पाठवायचं धाडस नाही. पोस्टमन रामिरोला सांगेल.

त्या रविवारी रामिरोची गाडी दिसताच तुम्ही मला लाकडांच्या ढिगामागे ढकललंत तेव्हा माझा कोपर खरचटला, पण त्याबद्दल तक्रार नाही. ढिगामागून मी सगळं पाहत होते. तो भिंतीपाशी गेला. त्याच्या आईच्या खिळ्यावर त्याच्या आईचाच निळ्या चौकड्यांचा एप्रन टांगलेला होता, तुम्ही मला दिलेला. त्याने त्या एप्रनला लागून फुली मारली. कोपऱ्यावर रंगाचे चार थेंबही उडाले. आणि त्याला एप्रन दिसला नाही. आत्याबाई, त्याचं माझ्यावर प्रेम आहे, आईवर तर फारच होतं. पण त्याला दिसला नाही.

सप्टेंबरात एका कागदावर तुमची सही घ्यायला मी धावतपळत पटांगणात आले होते. सेव्हेरिनाआजींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की ही पोरगी कोणाच्या मागे लागली आहे का? तुम्ही म्हणालात, नाही, हिच्याच मागे कोणी लागलंय, जॅकेट टांग आणि ये. मी पहिल्याच फेकीत सहाही खुंट पाडले, आणि तुम्ही सगळ्या पोट धरधरून हसलात. त्या दिवशी मी घरी जाऊन गाढ झोपले. तेव्हापासून मी मीटिंगला जाते.

खोटं का बोलले, हे मलाच अजून कळलेलं नाही. तो नाही म्हणाला नसता. पण आमच्या घरात दमले म्हटलं तर चालतं, डोकं दुखतंय म्हटलं तरी चालतं. खेळायला जाते म्हणताना मात्र जीभच वळेना. चोरी केल्यासारखं वाटलं. काम म्हटलं की कोणी काही विचारत नाही, उलट दार उघडून धरतात.

आता खरी गोष्ट. त्याने कामासाठी पाच फेब्रुवारी ठरवली आहे! ते ऐकून माझ्या हातून कॉफी सांडली. संत आगेदाचा दिवस. बायकांचं राज्य. त्या दिवशी मेयरने सकाळी कार्यालयाच्या दारात आपल्या अधिकाराची काठी बायकांच्या हाती द्यायची, पुरुषांनी स्वयंपाक करायचा, आणि बाईच्या परवानगीशिवाय कोणा पुरुषाने हत्याराला हात लावायचा नाही. मी शहरातली असून मला हे पाठ झालं, आणि हा इथला. गेल्या वर्षी तो त्या दिवशी माद्रिदला होता, त्याआधी तापाने पडला होता. त्याची सेक्रेटरी सारागोसाची. त्याच्या फोनमध्ये त्या तारखेला फक्त जेसीबी आहे.

वर, आज चिठ्ठ्या टाकल्या तर या वर्षीच्या काठीसाठी नाव माझं निघालं. बायको म्हणून मी त्याला तारखेचं सांगायला हवं. सांगू का? तुम्ही म्हणाल तसं करते. माया असू द्या.

तुमची,
नुरिया


आल्बेर्ना,
सोमवार, २६ जानेवारी

चि. सौ. नुरिया हिस आशीर्वाद, अनेक.

सांगू नकोस. मेयरला कॅलेंडर वाचता यायला हवं. कोपराला मीठ-पाणी लाव, आणि एप्रन धुऊ नकोस. ते थेंब राहू देत.

आत्या


आल्बेर्ना,
गुरुवार, २९ जानेवारी

चि. रामिरो यास,

ज्याला सा. न. वि. वि. पूर्ण लिहायला वेळ नाही, त्याला पूर्ण आशीर्वाद कशाला? आ.

पावाच्या दुकानाचं तू खरं लिहिलंस. त्याची काळजी मलाही आहे, म्हणूनच तुझ्या पत्रातला तेवढा परिच्छेद मी दोनदा वाचला. पण सपाट जागा एकच आहे हे खोटं. खाली सहकारी चक्कीचं आवार आहे. तू सारागोसाला गेलास तेव्हापासून चक्की बंदच आहे. ते साफ करायला महिना जादा जाईल, म्हणून तू तिकडे बघितलंच नाहीस. आमची जागा हाताशी होती, रिकामी दिसत होती. बायका बसलेल्या दिसल्या की जागा रिकामी आहे असंच सगळ्यांना वाटतं.

तुझा वर्ग मी सगळ्यांना वाचून दाखवला. फेलिसाने विचारलं की पट्ट्यात ठोके दिसले नाहीत तर काय करायचं, प्रशिक्षकाला सांगायचं की पाद्रीबाबांना? सेव्हेरिना म्हणाली की प्लास्टिकचे खुंट तिच्या पणतवाला चावायला दे, त्याला दात येत आहेत.

आता मी सांगते ते नीट वाच, उभ्याने नको, बसून वाच. आम्ही आरोग्यासाठी खेळत नाही. माझे गुडघे खेळून दुखतात. थंडी लागते, सर्दी होते, फेलिसाशी भांडण होतं. आम्ही खेळतो, कारण आम्हांला खेळायचं असतं. एवढंच. कॉन्व्हेंटात नन्सनी मला आठ वर्षं शिकवलं की रिकामा हात सैतानाचा. सुटीतही रुमालाची कडा शिवायला देत. मी पुष्कळ कडा शिवल्या, टेबलाच्या पलीकडे बसून पुष्कळ शिक्के मारले, आणि माझं मत असं झालं की सैतान रिकाम्या हाताकडे फिरकत नाही. तो कामात असलेल्यांकडे जातो; त्यांना तो आलेला कळत नाही. मंगळवारी पावणेबाराला संपणारा खेळ, ज्यासाठी आधी नाव नोंदवायचं, ती नोकरी झाली. मी निवृत्त आहे.

तू गाडीत जेवतोस हे वाचून वाईट वाटलं. तू ते अभिमानाने लिहिलंस, याचं जास्त वाटलं.

तुझ्या तारखेला मात्र माझी काही हरकत नाही. पाच फेब्रुवारी, सकाळी नऊ. छान दिवस निवडलास. आम्ही सगळ्या वेळेवर हजर राहू.

लोभाची रेघ अजून आहे.

आत्या


शाळेचं स्वयंपाकघर,
गुरुवार, ५ फेब्रुवारी, दुपार

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. हा घे, पूर्ण.

तांदळाच्या पिशवीच्या कागदावर लिहितो आहे, कारण तू समोरच्या अंगणात बसूनही माझ्याशी बोलत नाहीस. फेलिसाकरवी निरोप पाठवला तर तू म्हणालीस म्हणे, लेखी दे.

तू तारीख ओळखली होतीस. "छान दिवस निवडलास." मी सकाळी नऊला पटांगणात पोचलो तर घंटा वाजायला लागल्या. क्षणभर वाटलं, कोणी गेलं की काय. मग तुम्ही सगळ्या काळ्या शाली घेऊन रांगेने येताना दिसलात आणि आज संत आगेदाचा दिवस आहे हे आठवलं. बाल्बिनोने आपल्या आईला पुढे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मी त्याला म्हणालो, अरे चालू ठेव, अनुदानाचं काम आहे. तो म्हणाला, साहेब, अनुदान तुमचं, आई माझी. चावी त्याने सेव्हेरिनाच्या हातात दिली. ती आता तिच्या पोलक्यात आहे आणि ती परत मागायची कोणाची छाती नाही.

काठी द्यायला मी कार्यालयाच्या दारात उभा राहिलो, तोंडावर हसू आणून. समोर नुरिया. अंगावर माझ्या आईचा एप्रन. त्याच्या कोपऱ्यावर नारिंगी थेंब. आत्या, तो रंग मी ओळखला. तो मी बाजारातून स्वतः आणला होता.

तिने काठी घेतली आणि सगळ्या गावासमोर सांगितलं की सप्टेंबरपासून रविवारी तीनला ती कुठल्याही मीटिंगला गेलेली नाही. ती खुंट पाडायला जाते, आता पाच पाडते. लोक हसले, टाळ्या वाजल्या. बारवाला ओरडला, मेयरसाहेब, तुमचं नेटवर्क फारच लांब पोचलंय! मीही हसलो. पण तेव्हापासून चाळीस माणसांचा कांदा चिरतो आहे आणि एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. माझ्याशी खोटं का बोलावं लागलं तिला? मी काय केलं होतं? मी तर कधी अडवलं नसतं.

कांदा करपला, तेही तुझ्या कानावर गेलं असेल. सशाचा रस्सा बरा झाला आहे.

आणखी एक. सोमवारी वेस्काहून पाहुणे येणार आहेत, अनुदानाच्या सह्यांना. काठीशिवाय मी त्यांच्यापुढे कसा उभा राहू? जेवण झालं की काठी परत करायची असा रिवाज आहे. कृपा करून आठवणीने ती पाठव.

लोभ आहे ना अजून?

तुझाच,
रामिरो


आल्बेर्ना,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चि. रामिरो यास आशीर्वाद. दोन. एक पूर्ण नमस्काराबद्दल, दुसरा रश्श्याबद्दल. कांदा तुझ्या बापाचाही करपायचा.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. नुरिया हाती देईल. वेळ थोडा आहे, आणि या खेपेला तो तुझ्याजवळ थोडा आहे.

आधी काठीचं. रिवाज तू बरोबर सांगितलास. उशिरा का होईना, आठवला. जेवण संपलं की काठी परत. पण जेवण संपलेलं नाही. शेवटी वाढायचे ते संत आगेदाचे चेरीवाले गोल केक आम्ही काल खाल्लेच नाहीत. (ते बाईच्या छातीच्या आकाराचे का, हे आम्हांला कॉन्व्हेंटात कोणी विचारू दिलं नाही.) आमची पोटं भरली होती. तेव्हा गोड रविवारवर टाकलं. तोवर पंगत चालू आहे, राज्य आमचं आहे, काठी माझ्या छत्रीच्या उभ्या डब्यात आहे आणि चावी सेव्हेरिनाच्या पोलक्यात. कायद्याने त्या काठीला काडीची किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. तू पोलीस बोलावू शकतोस. बोलाव. सेव्हेरिनाच्या पोलक्यात हात घालायला कोण तयार होतो ते आम्हांला बघायचंच आहे.

आता तुझा प्रश्न. तू काय केलं होतंस? काही नाही. तू कोणाला अडवलं नाहीस, ओरडला नाहीस, चांगला मुलगा आहेस. पण तुझ्या घरात कामाच्या नावाने दार उघडतं आणि दुसऱ्या कुठल्या नावाने उघडत नाही. तू स्वतःही त्या दाराने आत-बाहेर करतोस. तू शेवटचा कधी खेळलास ते आठव. मला सांगू नकोस, स्वतःला सांग. जी माणसं स्वतःला एक तास देत नाहीत, त्यांच्या घरात दुसऱ्यांना तो चोरावा लागतो. तुझ्या आईला चोरावा लागला नाही. तुझ्या आजीला नाही. एक अक्षर न शिकलेल्या, पहाटे चारला उठणाऱ्या बायका होत्या त्या. पण त्यांनी भिंतीत खिळे ठोकले आणि सगळ्या गावाला सांगितलं, ही आमची वेळ. आणि तुझी बायको, दोन पदव्यांची, लाकडांच्या ढिगामागे लपली. तुझ्यापासून! मला राग आला तो रेघेचा नाही, खुंटांचाही नाही. या ढिगाचा आला. आणि तिला तिथे ढकलणारा हात माझाच होता, म्हणून जास्त आला. पुन्हा मी कोणाला ढकलणार नाही.

पावाच्या दुकानासाठी आम्ही काय करू तेही लिहिते, म्हणजे म्हाताऱ्या नुसत्या अडून बसल्या असं व्हायला नको. चक्कीचं आवार साफ करायला आम्ही उद्या शनिवारपासून येऊ, सगळ्या, झाडू घेऊन. सेव्हेरिना खुर्चीवर बसून शिव्या देईल, त्याने काम लवकर होतं. सोमवारच्या पाहुण्यांना ते आवार दाखव. सही तिथल्या जागेवर होत नसेल, मुदत चुकत असेल, अनुदान जात असेल, तर जाऊ दे. उगाच गोड बोलत नाही, जाऊ शकतं. मग आपण दुकानासाठी दुसरं काही करू. पण तू आठवड्यातले सगळे खुंट आडवे केले आहेस, रामिरो, आणि टाळ्यांची वाट पाहतो आहेस. त्याला आमच्यात डाव गेला म्हणतात. एक उभा ठेव.

तेव्हा मला उत्तर हवं आहे, आणि लेखी हवं आहे. कार्यालयाचा कागद नको, शिक्का नको, मुद्दे नकोत, तुझ्या हाताचं. त्यात दोन गोष्टी लिही. पटांगण आणि भिंत राहणार की नाही. आणि तुझी बायको रविवारी तीन वाजता दार उघडून, कुठे जाते आहे ते मोठ्याने सांगून, घराबाहेर पडू शकते की नाही. दुसरी गोष्ट मला सांगू नकोस, तिला लिही. मी फक्त ती लिहिली गेली एवढंच बघेन.

पुरुषांनी आत यायचं नाही, पण भिंतीपर्यंत येता येतं. तू गुडघा फोडून आला होतास तिथपर्यंत. खुंट भिंतीपाशी ठेव, सहाच्या सहा. उत्तर तुझ्या आईच्या खिळ्यावर टांग. नुरिया एप्रन काढून तिथे टांगायला येईल, त्याच्या आधी ते तिथे असलं पाहिजे.

रविवार, आठ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजेपर्यंत. चर्चच्या घड्याळाने, तुझ्या फोनच्या नाही. तीनला एक मिनिट कमी असेपर्यंत लोभ शाबूत आहे. पुढचं तुझ्या उत्तरावर.

तुझी आत्या,
ओब्दुलिया